रुग्णांच्या मराठी अभिप्रायांतील विषय वेगळे होत नाहीत

प्रश्न
नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागात काम करते. डिस्चार्जच्या वेळी भरून घेतलेले सुमारे ४,००० मराठी अभिप्राय आम्ही टंकलिखित केले आणि त्यांतील मुख्य विषय काढण्यासाठी एलडीए हे मजकुरातील विषय आपोआप शोधणारे संगणकीय प्रारूप वापरून पाहिले. दहा गट मागितले, तर बहुतेक गटांत ‘डॉक्टर’, ‘सिस्टर’, ‘चांगले’ हेच शब्द येतात. बिल, जेवण, स्वच्छता हे विषय सुटे होतच नाहीत. आमचे काय चुकते आहे?

उत्तर १
ब्लाय, एनजी आणि जॉर्डन या संशोधकांनी २००३ साली सविस्तर मांडलेले एलडीए, एकाच मजकुरात कोणते शब्द सोबत येतात यावरून विषय ठरवते. आठ-दहा शब्दांच्या अभिप्रायात अशी सोबत फारशी सापडत नाही. त्यात ‘डॉक्टरांनी’, ‘डॉक्टरांचे’, ‘डॉक्टरांकडे’ हे तिन्ही त्याच्या लेखी वेगळे शब्द असल्याने मुळातच तोकडा मजकूर आणखी विखुरतो. प्रत्यय काढून शब्द मूळ रूपात आणा. मात्र गाळायच्या शब्दांच्या यादीत ‘नाही’ आहे का, तेही पाहा. ते गाळले की ‘कोणी आले नाही’ आणि ‘सगळे आले’ यांत यंत्राला फारसा फरक उरत नाही.

उत्तर २
वरील निदान योग्य आहे, पण इतक्या छोट्या मजकुरासाठी मी एलडीए वापरणार नाही. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या संशोधक गटाचे महाएसबर्ट हे प्रारूप मराठी वाक्याचा अर्थ आकड्यांत मांडते. त्याच्या आधारे बर्टॉपिक, म्हणजे अर्थाने जवळची वाक्ये एकत्र करून विषय काढणारे साधन, चालवून पाहा. त्याआधी अभिप्रायांचे तुकडे करा. ‘सिस्टर फार प्रेमळ आहेत पण रात्री सलाईन संपल्यावर बेल वाजवूनही अर्धा तास कोणी फिरकले नाही’ या एका वाक्यात कौतुक आणि गंभीर तक्रार दोन्ही आहेत, आणि ते अखंड ठेवले तर कौतुकाच्या गटात जाण्याची भीती असते. ‘पण’पाशी तोडले की तक्रार स्वतंत्रपणे दिसते.

एक आग्रहाची विनंती. बर्टॉपिकमध्ये सहसा वापरली जाणारी एचडीबीस्कॅन ही गट पाडण्याची पद्धत कोणत्याही गटात न बसणारी वाक्ये ‘उणे एक’ या क्रमांकाखाली टाकते, आणि अनेकजण तो गट कचरा समजून सोडून देतात. चुकीचे औषध, खाटेवरून पडणे अशा दुर्मीळ तक्रारी मोजक्याच असतात, म्हणूनच त्या तिथे जाऊन पडतात. तो गट माणसाने शब्दन्‌शब्द वाचायला हवा.

उत्तर ३
हे सर्व रुग्णालयाच्याच संगणकावर चालवता येते, तेव्हा मजकूर बाहेरच्या सेवेकडे पाठवू नका. तरीही रुग्णाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि केसपेपरचा क्रमांक आधी काढून टाका. लोक अभिप्रायाखाली सवयीने सहीसुद्धा करतात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. तुकडे केल्यावर बिलाचा गट सुटा झाला, आणि त्यातही विम्याच्या मंजुरीची वाट पाहणारे नातेवाईक वेगळे दिसू लागले. ‘उणे एक’ गट मी आणि मेट्रन दोघींनी मिळून वाचला. त्यात मनगटावरील पट्टीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव असल्याच्या दोन तक्रारी, एकाच वॉर्डातल्या, निघाल्या. त्या वॉर्डाची तपासणी उद्या सकाळपासून सुरू करत आहोत.