सांगलीत परवडणारा प्लॉट: शामरावनगर की कुपवाड?

आयर्विन४५: बजेट कमी असलं की एजंट आधी शामरावनगरच्या बाजूला नेतो. माझं मत, तिकडचा स्वस्त प्लॉट स्वस्त नसतो. काळी माती, सखल भाग, नैसर्गिक नाले बुजलेले. पूर न येताही पावसाचं पाणी साचतं. पैसे विश्रामबागच्या पुढं, कुपवाडकडं घाला. जमीन उंच आहे, विजयनगरला कलेक्टर ऑफिस आल्यापासून वाढही त्याच अंगाला आहे, उगवता भाग तोच.

गिलावा: विजयनगरचं नाव घेऊन कुपवाडचा माल खपवायचा धंदा जुना आहे की ओ. ऑफिसं आली तेव्हाच दर वाढून बसले, आता तिथं 'उगवतं' काय उरलंय? उलट शामरावनगरात शाळा, दवाखाना, बाजार सगळं जवळ. भराव टाकला की झालं.

आयर्विन४५: भरावाचा हिशोब करून बघा. २ गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. ३ फूट उचलायचं तर ६,५३४ घनफूट, म्हणजे ६५ ब्रास मुरूम (ब्रास म्हणजे १०० घनफूट). धुम्मस करून ठोकल्यावर तो बसतो, म्हणून ८० ब्रास धरा. वर कंपाउंडची रिटेनिंग भिंत. तुम्ही उचललं की पाणी शेजारच्याच्या दारात, मग तो उचलणार, आणि रस्ता खड्ड्यात. शिवाय काळ्या मातीत शोषखड्डा मुरत नाही, पावसाळ्यात सेप्टिक टँक उलटा येतो. हा खर्च खरेदीखतात दिसत नाही.

सातबारा_वाचक: दोघंही कागद विसरलात. शामरावनगर असो वा कुपवाड, मोठा भाग गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटचा. २००१ च्या कायद्यानं आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करता येते, पण अर्ज केला म्हणजे नियमित झालं असं नाही. प्रमाणपत्र हातात नसेल तर बँका कर्जाला टाळाटाळ करतात. बघायचा क्रम असा: सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, मालकीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, मग महापालिकेचा झोन दाखला आणि भाग नकाशा. प्लॉटवर डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता किंवा आरक्षण निघालं तर बयाणा अडकलाच.

गिलावा: मान्य. पण पुराची भीती जास्त फुगवली जाते. २०१९ सारखा पूर रोज येतो का?

आयर्विन४५: रोज नाही, पण २००५, २०१९, २०२१, मोजा. आयर्विन पुलाला कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या. निळ्याच्या आत असेल तर चर्चाच नको. दोन्हींच्या मधे असेल तर जोत्याची उंची आधी विचारा.

हळदीचं_पेव: नकाशापेक्षा जोती बघा. एकाच गल्लीत जुन्या घराचं जोतं दीड फूट आणि नव्यांची चार-चार फूट असतील, तर त्या गल्लीला पाण्याचा धडा मिळालेला आहे. जोरदार पाऊस थांबल्यावर तासाभरानं जा, उन्हाळ्यात नको. आणि वस्ती 'उगवती' आहे का हे पाटीवरून नाही, पिठाच्या गिरणीवरून ओळखा. गिरणी आणि मेडिकल चालतायत म्हणजे कुटुंबं राहायला आलीत. नुसत्या एजंटांच्या पाट्या असतील तर प्लॉट गुंतवणूकदारांकडंच फिरतोय.

गिलावा: गिरणीचं पटलं. पण कुपवाडला एमआयडीसीचा वास आणि बोअरच्या पाण्याचं काय? तेही लिहा की.

आयर्विन४५: रास्त. वाऱ्याची दिशा बघा, संध्याकाळी आठनंतर एकदा उभे राहा. बोअर असेल तर पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तपासून घ्या. नळाचं कनेक्शन नुसतं मंजूर आहे की पाणी खरंच चढतं, हे शेजारच्या घराच्या टाकीवरून कळतं.