पुरंदरचा तह पणत्यांनी शिकवावा का?

पुण्याची आई
आमच्या पाच घरांतली मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. परवा पुरंदरचा तह शिकवायला गच्चीवर खडूनं घाट, नद्या काढून शिवाजी महाराजांच्या ३५ किल्ल्यांच्या ३५ पणत्या मांडल्या. एक मावशी मोगलांचा सरदार मिर्झाराजे जयसिंग झाली. तहात मोगलांना द्यायच्या किल्ल्यांच्या २३ पणत्या उचलायची वेळ आली तर नऊ वर्षांचा एक पठ्ठ्या कोंढाण्याची, म्हणजे सिंहगडाची, पणती मुठीत धरून बसला, देईचना. १६६५ हे साल त्याला आता घोकावं लागणार नाही. इतिहास आधी हातात यावा, पुस्तक मागाहून.

निवृत्त मास्तर
ताई, राग मानू नका, पण मुलगा हटून बसला म्हणजे त्याला तह कळला असं नाही. ३५ पणत्या सारख्याच मांडल्यात, चूक तिथेच झाली. दिलेल्या २३ किल्ल्यांचा मुलूख वर्षाला ४ लाख होनांचा (होन म्हणजे सोन्याचं नाणं), राखलेल्या १२ चा १ लाखाचा. पणतीत हे दिसतं का? शिवाय पुरंदरला लागूनचा वज्रगड पडला, पुरंदर लढवणारे मुरारबाजी पडले, गडावर सरदारांची बायकामुलं अडकलेली. हे सगळं गच्चीवर कुठे होतं? नाटकं मीही खूप बसवली आहेत. पोरांच्या लक्षात मिशा राहतात.

ठाण्याचा बाबा
मिशांचं खरंय! पण मला २३ आणि १२ शाळेपासून पाठ होते, आणि काडीचं कळलं नव्हतं. पुढे लोहगडावर गेलो. शेजारी विसापूर, पवनेपलीकडे तुंग आणि तिकोना. हे चारही तहात गेले होते. म्हणजे अख्खं पवन मावळच गेलं की! मास्तर, हे मला फळ्यावर कुणी दाखवलं नाही.

मुलगी दहावीला
आमचीही घरशाळाच. लहानपणी हे सगळं गोड वाटतं. दहावीच्या पेपरात कारणं लिहावी लागतात. माझी लेक तासभर रंगवून सांगायची, कागदावर चार ओळी उतरत नव्हत्या. ते सुधारण्यात सहा महिने गेले. खेळ झाला की त्याच संध्याकाळी वही उघडा.

पुण्याची आई
वहीचं पटलं. होनांचं तर आमचं चुकलंच. पुढच्या वेळी २३ पणत्यांपुढे ४०० चिंचोके आणि १२ पुढे १०० ठेवू, ढीग बघूनच कळेल. पण आधी पुस्तक हे नाही पटत. त्या मुलानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "द्यायचे नव्हते तर कबूल कशाला केलं?" नुसता धडा वाचून हा प्रश्न त्याला पडला असता?

निवृत्त मास्तर
प्रश्न फक्कड आहे. उत्तर काय दिलंत?

पुण्याची आई
कोंढाणा १६७० मध्ये परत घेतला, असं सांगितलं.

निवृत्त मास्तर
अहो, त्यानं ते विचारलंच नव्हतं. आता वज्रगडापासून सुरू करा.