जळगावच्या बाजारपेठेत मोटारींना प्रवेशशुल्क लावले तर काय होईल?

तापीकाठ (जळगाव):
नमस्कार. फुले मार्केट, दाणाबाजार आणि सराफ बाजार या भागांत लग्नसराईत किंवा दिवाळीच्या तोंडावर मोटार घेऊन शिरले की आपलाही खोळंबा होतो आणि मागच्यांचाही. परदेशातील काही शहरांप्रमाणे गर्दीच्या वेळी येथे येणाऱ्या मोटारींकडून शुल्क घ्यावे, असा विचार आम्हा व्यापाऱ्यांच्या चर्चेत पुढे आला आहे. जिथे असे शुल्क लागू झाले, तिथे वाहने खरोखर कमी झाली का आणि दुकानदारांच्या धंद्यावर त्याचा काय परिणाम झाला, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वाघूर (भुसावळ):
वाहने कमी होतात, हे अनेक शहरांत दिसून आले आहे. सिंगापूरने १९७५ मध्ये मध्यवर्ती भागात सकाळी शिरणाऱ्या मोटारींना दिवसाला तीन डॉलरचा परवाना सक्तीचा केला. काचेवर चिकटवलेला तो कागद कर्मचारी नुसत्या नजरेने तपासत असत. इलेक्ट्रॉनिक कमानी आल्या त्या १९९८ मध्ये. लंडनने फेब्रुवारी २००३ मध्ये पाच पौंडांचे शुल्क सुरू केले, तेव्हा पहिल्या वर्षी त्या क्षेत्रात येणारी वाहने सुमारे १८ टक्क्यांनी आणि कोंडीतील खोळंबा सुमारे ३० टक्क्यांनी घटला. रस्ता पूर्ण भरत आला की शेवटी घुसणारे प्रत्येक वाहन आपल्या मागच्या सगळ्यांना थांबवते, म्हणून थोडी वाहने कमी झाली तरी रांगा बऱ्याच आखूड होतात.

सर्वांत बोलके उदाहरण मला स्टॉकहोमचे वाटते. तिथे जानेवारी ते जुलै २००६ असा सात महिन्यांचा प्रयोग झाला आणि वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी उतरली. प्रयोग थांबताच त्यातली बरीचशी परत आली. आधी बहुसंख्य लोक विरोधात होते, परंतु फरक प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याच शहराने सप्टेंबरच्या सार्वमतात शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून ते कायम झाले.

पांझरा (धुळे):
वाघूरभाऊ, आकडे मान्य आहेत, पण लंडनने शुल्काच्या पहिल्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या आणि भुयारी रेल्वे तर आधीपासून होतीच. आमच्याकडे शहरबस नसल्यातच जमा आहे. साक्री किंवा शिरपूरकडून बस्ता बांधायला आठ-दहा माणसे भाड्याची जीप करून आग्रा रोडवर येतात. त्यांनी मोटार सोडायची ती कशासाठी, आणि पुढे पाचकंदीलपर्यंत जायचे कशाने? पर्याय न देता शुल्क लावले, तर ज्याच्या खिशात पैसे आहेत तो निर्धास्त येईल आणि खेड्यावरचा माणूस तेवढा अडेल. शिवाय जकात नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा आणि तिथली चिरीमिरी लोक अजून विसरलेले नाहीत. एडिनबर्गच्या मतदारांनी २००५ मध्ये आणि मँचेस्टरच्या मतदारांनी २००८ मध्ये असे प्रस्ताव फेटाळले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

वाघूर (भुसावळ):
आपली हरकत योग्य आहे आणि दुकानदारांविषयीच्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यातच आहे. लंडनमध्ये काही किरकोळ विक्रेत्यांनी विक्री घटल्याची तक्रार केली, तरी एकूण व्यापाराला मोठा फटका बसल्याचे दिसले नाही, कारण मध्य लंडनमधील बहुतेक गिऱ्हाईक आधीपासूनच रेल्वेने किंवा बसने येत होते. जळगावचे गिऱ्हाईक तसे येत नाही, त्यामुळे तिथला निष्कर्ष येथे लावून व्यापाऱ्यांना आश्वासन देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. लंडनमध्येही काही वर्षांत खोळंबा जवळपास पूर्वीइतका झाला. रस्त्यांची बरीच जागा बस आणि पादचाऱ्यांना दिली गेली होती आणि जलवाहिन्यांसाठी खोदकामही चालू होते.

माझे मत असे की, आपल्या बाजारात रस्ता अडतो तो धावणाऱ्या वाहनांपेक्षा उभ्या वाहनांनी. म्हणून आधी रस्त्यावर वाहन उभे करण्याचे तासागणिक वाढणारे शुल्क लावावे आणि तो पैसा वेगळ्या खात्यात ठेवून बाजाराच्या कडेला वाहनतळ व तिथून ठरावीक भाड्याच्या रिक्षा यांवरच खर्च करावा. कॅमेरे आणि वसुलीची यंत्रणा यांवर लंडनच्या उत्पन्नातला मोठा वाटा सुरुवातीची वर्षे खर्ची पडत होता. आपल्या महापालिकांना ते परवडणारे नाही.

तापीकाठ (जळगाव):
दोघांचेही मनापासून आभार. प्रवेशशुल्काऐवजी वाहनतळ आणि उभ्या वाहनांवरील शुल्क, असा प्रस्ताव मी आता मांडेन. दाणाबाजारातील मालाच्या गाड्या मात्र पोती उतरेपर्यंत उभ्या राहणारच; हमालांशी बोलून ही चढ-उतार सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी उरकता येईल का, हे आधी पाहावे लागेल. धुळ्यात कुणी तशी वेळ ठरवून घेतली असल्यास पांझराभाऊंनी जरूर कळवावे.