लंबकाच्या प्रयोगात जी सतत १०.८ येतोय, चूक कुठे शोधायची?

सातारची आत्या

माझी भाची अकरावी सायन्सला आहे. प्रॅक्टिकलमध्ये साध्या लंबकावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे जी, काढायचं होतं. पुस्तकात ९.८ आहे, तिचं १०.८ च्या आसपास येतंय. कॉलेजात सांगितलं की रीडिंग थोडी जुळवून घे आणि जर्नल पूर्ण कर. तिने नकार दिला. घरी दाराच्या चौकटीला दोरा बांधून सगळं परत केलं, तरी उत्तर तेच. मी कॉमर्सची, त्यामुळे माझी मदत आकडे तपासण्यापुरतीच.

गोळा लोखंडी आहे, व्यास व्हर्निअरने २ सेंमी. लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत घेतली आहे. २० हेलकाव्यांचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर:

१०० सेंमी: ३८.१, ३८.२, ३८.२ सेकंद
८० सेंमी: ३४.१, ३४.२, ३४.१ सेकंद
६० सेंमी: २९.६, २९.५, २९.६ सेकंद

सरासरी काढून, २० ने भागून आवर्तकाल घेतला. मग ४ गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग. तिन्ही लांब्यांना १०.८ च्या जवळ. भागाकार मी स्वतः तपासले आहेत, बरोबर आहेत.

तिचा अजून एक प्रश्न आहे. गोळा एका टोकाला जाऊन क्षणभर थांबतो तेव्हा वेग शून्य असतो, मग त्वरणही शून्य का नाही? मला नीट सांगता आलं नाही. कृपया कोणीतरी समजावून सांगा. रीडिंग खोटी लिहायची नाहीत, एवढी एकच अट आहे.

वर्गमूळ

झोका मोठा घेत असेल. सूत्र फक्त लहान कोनाला चालतं. शिवाय बोटाने स्टॉपवॉच दाबताना थोडं मागेपुढे होतंच. झोका लहान करून बघा.

जुना प्रयोगशाळा सहायक

ताई, भाचीला शाबासकी द्या. रीडिंग न बदलता ती अडून बसली हे फार चांगलं केलं. आता चूक कोणत्या बाजूला आणि किती मोठी आहे ते पाहू, म्हणजे एकेक कारण आपोआप गळत जाईल.

वर्गमूळ, मोठ्या झोक्याने आवर्तकाल वाढतो, म्हणजे जी कमी येतो. इथे जास्त आलाय, म्हणजे दिशाच उलटी. आणि परिणामही छोटा आहे. १० अंशांच्या कोनाला आवर्तकाल ०.२ टक्क्यांनी वाढतो, ३० अंशांना सुद्धा पावणेदोन टक्क्यांच्या आसपासच.

बोटाची चूक पाचवा भाग सेकंद धरा. ३८ सेकंदांत ती अर्धा टक्का होते. जी काढताना आवर्तकालाचा वर्ग होतो म्हणून दुप्पट, म्हणजे एक टक्का, म्हणजे ०.१. इथे फरक एकाचा आहे. शिवाय बोट कधी लवकर पडतं, कधी उशिरा. मग रीडिंग विखुरलेली दिसली असती. हिची तर एकमेकांना चिकटून आहेत. हात स्थिर आहे तिचा.

लांबी चुकली असेल का? ३८.१७ सेकंदांतून येणारा आवर्तकाल खरा मानला तर दोरा १०० ऐवजी ९० सेंमी निघतो. दहा सेंमी कोणाच्या नजरेतून सुटेल? त्यातही मोजायची जागा चुकली असती, तर चूक तिन्ही वेळा सारखीच राहिली असती. इथे १०० ला १० आणि ६० ला ६ सेंमी लागते. तसं होत नाही.

तिन्ही लांब्यांना जी एकाच प्रमाणात वाढलाय, हा खरा धागा. १०.८४ ला ९.७८ ने (साताऱ्याला जी साधारण एवढा असायला हवा) भागा, १.१०८ येतं. त्याचं वर्गमूळ १.०५३. आणि २० भागिले १९ किती? १.०५३.

एकच विचारतो. गोळा मधल्या खुणेवरून गेला की ती स्टॉपवॉच सुरू करते, त्या क्षणी तोंडाने काय म्हणते? "एक" म्हणत असेल, तर "वीस" म्हणेपर्यंत हेलकावे १९ च झालेले असतात. कुंपणाला वीस खांब असले की मधले गाळे एकोणीसच भरतात, तसं.

माझं ऐकून लगेच मान्य करू नका, तपासा. तिला नेहमीच्याच सवयीने १०० सेंमीवर फक्त १० हेलकावे मोजू द्या. माझा अंदाज खरा असेल तर जी अजून बिघडेल आणि १२.१ च्या आसपास येईल, कारण आता १० च्या जागी ९ झालेले असतील. मग ५० मोजायला सांगा, १०.२ च्या जवळ यायला हवा. लांबीची किंवा सूत्राची चूक असती तर हेलकावे किती मोजले याने उत्तर हललं नसतं.

सातारची आत्या

काका, "एक"च म्हणते! तिला न सांगता आधी १० मोजायला लावले. १८.१ सेकंद, जी १२.०५. कागदावर आकडा बघून ती उडालीच. मग तुमचा प्रतिसाद वाचायला दिला.

आता सुरुवातीला "शून्य" म्हणून २० मोजले: १०० सेंमीला ४०.२, ८० ला ३५.९, ६० ला ३१.१ सेकंद. जी अनुक्रमे ९.७७, ९.८० आणि ९.८०.

आधीचा तक्ता खोडायचा का? आणि उत्तर म्हणून यातलं कोणतं लिहायचं? दुसरा प्रश्नही राहिलाय.

दिशा आणि अंतर

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहिते, अकरावीला शिकवते.

तिला गोळ्याचं चित्र काढून दोनच बाण काढायला सांगा. एक वजनाचा, सरळ खाली. दुसरा दोऱ्याच्या ताणाचा, दोऱ्याच्या रेषेत वर. गोळा टोकाला असताना दोरा तिरका असतो, त्यामुळे हे दोन बाण एका रेषेत येत नाहीत आणि एकमेकांना पूर्ण कापू शकत नाहीत. शेपटाला टोक लावून त्रिकोण पूर्ण केला की तिसरी बाजू मिळते, ती गोळ्याच्या मार्गाला स्पर्श करत मधल्या बाजूला वळलेली असते. तेच बल, आणि त्याच दिशेने त्वरण. वेग शून्य आहे हे त्या चित्रात कुठे आलंच नाही. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. टोकाला त्वरणही शून्य असतं तर गोळा तिथेच लटकून राहिला असता.

आता आकड्यांत. १०० सेंमी दोरा, गोळा १० सेंमी बाजूला ओढून सोडला. टोकाला त्वरण सुमारे ०.९८ मीटर प्रति सेकंद वर्ग. मध्यावर वेग सगळ्यात जास्त, सेकंदाला सुमारे ३१ सेंमी. तिथे त्वरण मात्र साधारण ०.१, म्हणजे टोकाच्या दहाव्या भागाइतकं, आणि त्याची दिशा सरळ वर, टांगलेल्या बिंदूकडे. मध्यावर चाल बदलत नसते, पण मार्ग गोल असल्यामुळे वेगाची दिशा बदलत असते. त्या बदलाचं ते त्वरण आहे. "मध्यावर त्वरण शून्य" असं मुलं सर्रास लिहितात. मार्गाच्या दिशेतला त्याचा भाग शून्य असतो, सगळं त्वरण नव्हे. दोन्ही ठिकाणचे बाण तिने स्वतः काढावेत, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

जुना प्रयोगशाळा सहायक

ताईंनी छान मांडलंय, त्यात भर घालायची गरज नाही.

तक्ता खोडू नका. पहिला तसाच ठेवा. खाली लिहा की मोजणी "एक" पासून सुरू केल्यामुळे प्रत्यक्षात १९ हेलकावे झाले होते, आणि १० हेलकाव्यांची चाचणी पुरावा म्हणून जोडा. ३८.१७ ला १९ ने भागलं की २.०१ येतं, नव्या रीडिंगशी जुळतं. म्हणजे जुनी मेहनत वाया गेली नाही. परीक्षकाने विचारलं तर तिला सांगायला भरपूर आहे.

एक आलेखही काढून घ्या, आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग. सरळ रेषा येईल. ती शून्यातून गेली तर लांबी बरोबर ठिकाणी मोजली आहे. बाजूने गेली तर गोळ्याचा मध्य धरण्यात गडबड आहे, पण रेषेच्या चढावरून जी तरीही बरोबर निघतो.

९.७७ की ९.८० यावर भांडू नका. बोटाची चूक ०.२ सेकंद धरली तर जी मध्ये ०.१ ची अनिश्चितता राहतेच. दुसऱ्या दशांश स्थळाचा आकडा या स्टॉपवॉचने ठरत नाही. तसंही ९.८ हा सगळीकडे सारखा नाही. विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. हे पहिल्यांदा लंबकानेच दाखवलं. १६७२ मध्ये जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे गेला. ते तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं, म्हणून त्याला लंबक थोडा आखूड करावा लागला. त्यानेही घड्याळावर खापर फोडून विषय संपवला नाही. सातारा विषुववृत्तापासून फार लांब नाही, उंचीवरही आहे, तेव्हा तिथे ९.७८ च्या जवळपास अपेक्षित धरा.

जर्नलमध्ये लिहा: जी = ९.८ ± ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. एकक विसरू नका, गुण तिथेच कापतात.