मदत हवी आहे: गाडी रात्रभर बाहेर असते, कोणतं लॉक लावू?

बंडीवाला_२९ (शुक्रवार, रात्री ९:४०)
नमस्कार. अर्जंट आहे म्हणून लिहून राहिलो. परवा रात्री बाजूच्या गावातून दारासमोरची गाडी गेली. काच फुटली नाही, आवाज नाही, कुत्रं भुंकलं नाही. सकाळी जागेवर फक्त ऑइलचा डाग. माझी गाडी पण रोज बाहेरच असते. बायको दोन रात्रींपासून दर तासाला उठून खिडकीतून पाहते, मलाही झोपू देत नाही. गिअरचं लॉक लावू, स्टेअरिंगचं लावू की जीपीएस बसवू? दोन-तीन हजारांत बसलं पाहिजे. रविवारी पांढरकवड्याला चाललो, तेव्हाच घेऊन येतो. लवकर सांगा.

टिनाचं_छत (९:५२)
कोणती गाडी? कोणतं साल? चाबी फिरवायची की बटणाची? आणि आवारात काऊन नाही लावत?

बंडीवाला_२९ (९:५८)
आवारात कापूस आहे ना जी. भाव वाढेल म्हणून ठेवला. कोठ्यात बैल. गाडी बाहेरच राहणार. लॉकचं सांगा.

वाणी_नाक्यावरचा (१०:०५)
गिअर लॉक. डोळे झाकून. माझ्या गाडीला सहा वर्षांपासून आहे. कन्सोलला आतून बोल्टनं बसवतात, रिव्हर्समध्ये टाकून लॉक केलं की कांडी हलत नाही. स्टेअरिंगवरच्या त्या दांड्याच्या नादी लागू नका. चोर दांडा कापत नाही, स्टेअरिंगची रिंगच आरीनं कापतो न दांडा काढून फेकून देतो.

दांडा_समर्थक (१०:११)
रिंग कापायला वेळ लागतो की नाही? चोराला वेळच नको असतो. दांडा बाहेरून दिसतो, तो दुसऱ्या गाडीकडं जातो. तुमचं गिअर लॉक आत बसल्यावरच दिसते, तोवर काच फुटली ना. मग नवीन काच कोण देते, तुम्ही?

वाणी_नाक्यावरचा (१०:१४)
म्हणजे शेजाऱ्याची गेली तर चालते. वा.

मेपलचं_झाड (१०:३०)
मी मूळचा दारव्ह्याचा, सध्या टोरांटोजवळ. इथे गाड्यांच्या चोरीने कहर केला आहे. एक चोर घराच्या दाराशी अँटेना घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. घरात पडलेल्या किल्लीचा सिग्नल पहिला उचलतो आणि दुसऱ्याकडे पोचवतो. गाडीला वाटतं किल्ली जवळच आहे, दार उघडतं, बटण दाबलं की इंजिन सुरू. अर्ध्या मिनिटाचं काम. उपाय म्हणजे फॅरेडे पाउच, म्हणजे सिग्नल अडवणारी पिशवी, किंवा पत्र्याचा घट्ट झाकणाचा डबा. किल्ली दारालगतच्या खुंटीला अजिबात अडकवू नका. दुसरी किल्लीही डब्यातच ठेवा, लोक ती विसरतात. डबा चालतो की नाही ते बघायला डबा घेऊन गाडीपाशी जा आणि हँडलला हात लावा. दार उघडलं तर डबा बदला.

टिनाचं_छत (१०:३६)
दादा, माहिती भारी आहे, पण ती बटणाच्या गाडीची. बंडीवाल्यानं अजून सांगितलंच नाही त्याची कोणती ते.

बंडीवाला_२९ (१०:४१)
स्विफ्ट, पेट्रोल, २०१५. चाबी फिरवायची. साधी गाडी आहे जी, अँटेना वगैरे नका सांगू.

कोठ्यावरचा (१०:४४)
गाडीचं काय घेऊन बसले भाऊ. माह्या विहिरीवरची केबल दोन डाव गेली या हंगामात. तांबं काढून इकतात पोट्टे. ठाण्यात गेलो त म्हणे बिल आना. दहा वर्षं जुन्या केबलचं बिल कुठून आनू?

वाणी_नाक्यावरचा (१०:४७)
हे खरं आहे. पण वेगळा धागा काढा.

फ्यूजवाला (१०:५५)
फुकटचा उपाय सांगतो. पेट्रोल गाडी आहे ना, मग रात्री पेट्रोल पंपाचा फ्यूज नाहीतर रिले काढून खिशात टाका. पाइपात उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी गुरगुरेल न बंद पडेल. वायर कापायची नाही, मेकॅनिक नाही, पैसा नाही. झाकणावर चित्र असते कोणता फ्यूज कशाचा त्याचं.

मास्तर_दिग्रस (११:०८)
फ्यूजवाले भाऊ, हेच मी दोन वर्षं केलं. मागच्या पावसाळ्यात रात्री दीड वाजता शेजारच्या पोरीला साप चावला. मी लग्नाला बाहेरगावी, गाडी घरी, चाबी घरी, गाडी शिकलेला भाऊ घरी. आणि फ्यूज माझ्या पँटच्या खिशात, माझ्यासोबत लग्नात. त्यांनी मोटारसायकलवर मधात बसवून पोरीला तालुक्याला नेलं. पोरगी वाचली. पण त्या घरी मी अजून मान वर करून जात नाही. गावात गाडी एकट्याची नसते, रात्री ती अँब्युलन्स असते. जे काही लावाल ते घरातल्या दुसऱ्या माणसाला काढता आलं पाहिजे. गिअर लॉकची चाबी पण कुठं आहे ते घरात दोघांना तरी माहीत असू द्या.

फ्यूजवाला (११:१२)
फ्यूज घरी ठेवायचा होता ना मग सर. उपायात खोट नाही.

मास्तर_दिग्रस (११:१३)
नाही. माझ्यात होती.

कागदपत्र_भाऊ (शनिवार, सकाळी ७:२०)
मी विम्याचं काम करतो, म्हणून माझा प्रश्न वेगळा. पॉलिसी कोणती आहे? नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडी चोरीला गेल्यावर एक रुपया मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचा विमा, असेल तर आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीप्रमाणे मिळते. आणि चोरीच्या क्लेमला कंपनी पहिली गोष्ट मागते ती दोन्ही चाब्या. दोन्ही आहेत ना?

बंडीवाला_२९ (७:४५)
एकच आहे. सेकंडहँड घेतली आठ महिन्यांपूर्वी. एजंट म्हणे दुसरी देतो. देतो देतो करून राहिला.

टिनाचं_छत (७:४८)
अरे बाप्पा!

वाणी_नाक्यावरचा (७:५०)
हे काल रात्री काऊन नाही सांगितलं??

बंडीवाला_२९ (७:५३)
मी लॉकचं विचारलं होतं. चाबीचं कोणी विचारलंच नाही.

टिनाचं_छत (८:०५)
भाऊ, आता नीट ऐका. तुमच्या चाबीच्या प्लास्टिकच्या मुंडक्यात एक चिप असते. चाबी लावली की कुलपाभोवतीचं वेटोळं तिला वीज देते, चिप आपला नंबर सांगते, कंप्युटरला पटला तरच इंजिन चालू होते. म्हणून नुसती कापून आणलेली चाबी दार उघडते पण गाडी चालू करत नाही. पण तुमची दुसरी चाबी कापलेली नाही, ती गाडीच्या ओळखीची आहे. ज्याच्या हातात आहे त्याला काच फोडायचं काम नाही, आवाज नाही, काही नाही. शेजारच्या गावची गाडी पण सेकंडहँड होती का, विचारा बरं.

रिमोट_राजा (८:११)
रिमोटचा सेल काढून ठेवा, चाबी बेकार होते.

टिनाचं_छत (८:१४)
नाही होत. सेल फक्त दाराच्या बटणासाठी. चिपला सेल लागतच नाही, वर तेच लिहिलं. आणि दुसरी चाबी तर भलत्याच्या हातात आहे, यांनी कोणाचा सेल काढायचा?

पेठेतला_वऱ्हाडी (८:२०)
सगळेच चाबी चाबी म्हणताय, शुद्ध शब्द किल्ली आहे.

कोठ्यावरचा (८:२२)
आमच्याकडं किल्ली गडाची असते. घराची चाबी.

पेठेतला_वऱ्हाडी (८:२५)
चाबी हिंदीतून आली आहे. आपणच आपली भाषा...

मास्तर_दिग्रस (८:३१)
आणि हिंदीत ती पोर्तुगीजांकडून आली. ‘चावी’ तुमच्या पुण्यातही म्हणतात सर. माणसाची गाडी जाऊन राहिली, व्याकरण नंतर पाहू.

वाणी_नाक्यावरचा (८:४०)
कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. तिथं मशीन लावून जुन्या सगळ्या चाब्यांची ओळख पुसतात न तुमच्या हातातली एक आणि नवीन घेतलेली एक, अशा दोनच परत शिकवतात. मग एजंटाकडची फक्त दार उघडेल, गाडी चालू करणार नाही. हातातली चाबी सोबत न्या. आरसी आणि आधार लागते. नवीन चाबी मागवावी लागते बहुतेक, फोन करून जा. आणि बसस्टँडवरच्या चाबीवाल्याकडून करू नका, तो जुन्या तशाच ठेवून नुसती एक वाढवून देईल.

दांडा_समर्थक (८:४३)
न तोवर दांडा.

कागदपत्र_भाऊ (८:५५)
आरसी कोणाच्या नावावर आहे? गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३० दिले का?

बंडीवाला_२९ (९:१०)
सह्या करून ठेवलेत. आरटीओला द्यायचे राहिले. सोयाबीन निघालं, मग कापूस, वेळ कुठं आहे. पॉलिसी पण जुन्या मालकाच्या नावानं आहे, ओन डॅमेज आहे पण. चालते ना?

कागदपत्र_भाऊ (९:२२)
थर्ड पार्टीचा भाग गाडीसोबत तुमच्याकडं येतो. चोरीचा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी विकत घेतल्यावर १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करायची असते. तुमचे आठ महिने झाले. आज गाडी गेली तर कंपनी म्हणेल पॉलिसीवाल्याची गाडी नाही, आणि गाडीवाल्याची पॉलिसी नाही. वरून चाबी एकच. चोरी झालीच तर त्याच दिवशी ठाण्यात एफआयआर, त्याच दिवशी कंपनीला खबर. पोलिसांना सापडली नाही की ते कोर्टात अ समरी, म्हणजे चोरी खरी पण तपास लागला नाही असा अहवाल, देतात, तो कागद आल्याशिवाय पैसे निघत नाहीत. पण तुमच्या बाबतीत तिथवर गोष्ट जातच नाही. आधी आरटीओ.

मेपलचं_झाड (९:४०)
डब्याचं मात्र विसरू नका, पुढे बटणाची गाडी घ्याल तेव्हा.

फास्टॅग_बघा (१०:०२)
फास्टॅगला तुमचा मोबाइल नंबर आहे की जुन्या मालकाचा? टोलचा मेसेज कोणाला जाईल?

बंडीवाला_२९ (१०:०६)
त्याचाच. समजलं. एक एक सांगा, डोकं फिरून राहिलं.

बंडीवाला_२९ (पुढच्या गुरुवारी, रात्री ८:१५)
सांगतो म्हटलं. रविवारी गिअर लॉक बसवलं. दोन चाब्या आल्या, एक बायकोकडं, एक पिठाच्या डब्यामागं. सोमवारी यवतमाळला गेलो. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे आरसीवरचा माणूस आणा नाहीतर आरसी नावावर करून आणा. बरोबर आहे त्याचं. म्हणून जुन्या मालकाला पहिल्यांदाच फोन लावला, एवढे दिवस एजंटच मधात होता. तो म्हणे दुसरी चाबी मी गाडीसोबतच दिली, लिहून दिलं आहे. एजंट फोन उचलत नाही. मालक भला माणूस निघाला, शनिवारी सोबत येतो म्हणाला. चाब्या पण पुसून घेऊ न आरटीओचे कागद पण देऊ. फास्टॅग नवीन घेतला.

वाणी_नाक्यावरचा (८:२०)
गिअर लॉक. सांगितलं होतं.

दांडा_समर्थक (८:२१)
शनिवारपर्यंत दांडा पण लावा.

कोठ्यावरचा (८:३४)
कापसाचं काय केलं? लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० होता, ठेवून काय करता?

बंडीवाला_२९ (८:५०)
काल इकला. भाव नाहीच वाढला. गाडी आवारात लावून राहिलो.