नायकाच्या मित्रालाही स्वतःचे मन असेल, अशी मुलांची अद्भुतकथा सुचवावी

रंकाळाकाठ
माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. यंदा स्नेहसंमेलनातील नाटिकेत त्याला राजपुत्राच्या मित्राची भूमिका मिळाली आहे. तालमीहून परतल्यावर त्याने विचारले, "आई, राजपुत्र गुहेत गेल्यावर मी बाहेर नुसताच उभा असतो. तेव्हा माझ्या मनात काय चाललेले असते?" संहितेत याचे उत्तर नाही. जादूच्या गोष्टी त्याला अतिशय आवडतात, परंतु त्यांतला मित्र बहुधा मशाल धरण्यापुरता आणि शेवटी जयजयकार करण्यापुरताच येतो. मित्राची निष्ठा दिसेलच, पण ती निभावताना त्याला काय सोसावे लागते हेही दिसेल, अशी पुस्तके कृपया सुचवावीत.

पानपिसारा
ताई, या प्रश्नाला मला सुचणारे पहिले नाव हॅरी पॉटरचा मित्र रॉन वीझली हेच आहे. हॅरी पॉटर मालिकेचे पहिले पुस्तक 1997 साली आले आणि मराठीत ते 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने वाचता येते. त्यात बुद्धिबळाचा एक प्रचंड पट पार करायचा असतो. डाव रॉन खेळतो, कारण हॅरी, हर्मायनी आणि रॉन या तिघांत तो खेळ त्यालाच उत्तम येतो. आणि हॅरीला समोरच्या राजावर मात करता यावी म्हणून घोड्याच्या जागी उभा असलेला रॉन स्वतःचा बळी जाऊ देतो. मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते चौथे पुस्तक. पाच थोरल्या भावांच्या वापरलेल्या वस्तूंवर वाढलेला हा मुलगा, सारे लक्ष पुन्हा एकदा हॅरीकडेच जाते तेव्हा मत्सराने त्याच्याशी बोलणे टाकतो. सातव्या पुस्तकात तर तो सोडून निघून जातो आणि परत येऊन हॅरीला गोठलेल्या तळ्यातून बाहेर काढतो. आपल्या मुलाला हवे आहे ते मित्राचे मन येथे उघडे दिसते.

जुनापार
वरील सूचना योग्यच आहे, तथापि आपल्या घरचे पंचतंत्र विसरू नये. त्याचे दुसरे तंत्र, मित्रसंप्राप्ती, संपूर्ण मैत्रीवरच आहे. हिरण्यक उंदीर लघुपतनक कावळ्याची मैत्री प्रथम स्पष्ट नाकारतो, कारण एक भक्ष्य आणि दुसरा भक्षक. विश्वास बसायला वेळ लागतो, हे कथाकार लपवत नाही. पुढे चित्रांग हरीण फाशात सापडते, तेव्हा मंथरक कासव मागे राहू शकत नाही. त्याला ना धावता येते ना उडता येते, तरीही तो येतो; उंदीर फास कुरतडून हरणाला सोडवतो, पण कासव पारध्याच्या हाती लागते. मग त्याला सोडवण्यासाठी हरीण मेल्याचे सोंग घेते, कावळा त्याच्या डोळ्यांवर चोच मारण्याचा बहाणा करतो आणि उंदीर बंध कुरतडतो. मंथरकाचे येणे शहाणपणाचे होते की नव्हते, यावर मुलाशी अवश्य बोलावे. माझ्या मते ते शहाणपणाचे नव्हते, पण त्याच्याबद्दल सर्वाधिक माया मला त्यामुळेच वाटते.

पानपिसारा
'शार्लट्स वेब' (1952) हेही सुचवते. कोळीण असलेली शार्लट जाळ्यात शब्द विणून विल्बर या डुकराच्या पिल्लाचा जीव वाचवते. अखेरीस तिचा मृत्यू होतो, म्हणून ते शेजारी बसूनच वाचावे.

रंकाळाकाठ
दोघांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन मुलांसाठीचे सविस्तर पंचतंत्र मिळते का ते पाहते, कारण मंथरकाविषयी सांगताच त्याने "मीही गेलो असतो" असे म्हटले आणि मग बराच वेळ तो गप्प राहिला. रॉनची पुस्तके दहाव्या वर्षी झेपतील का?

पानपिसारा
पहिली तीन निःशंकपणे द्यावीत. चौथे बरेच मोठे असून त्यात शाळेतल्याच एका मुलाचा मृत्यू होतो. त्यासाठी एखादे वर्ष थांबावे आणि स्मशानातले प्रकरण आपण आधी वाचून ठेवावे.