मदत हवी आहे: दोन भावांच्या सिनेमावर चर्चा घ्यायची आहे, लोक आधीच भांडून बसलेत

बालाघाटी (अंबाजोगाई)
मंडळी, जरा तातडीनं सांगा, रविवारी चर्चा आहे. आमच्या वाचनालयात परवा तो दोन भावांचा दरोड्याचा सिनेमा लावला, तर लोकांतच जुंपली. एक गट म्हणायलाय बँक लुटली ते बेस झालं. दुसरा म्हणायलाय पोरासोरांसमोर असलं दाखवायचंच कशाला. आणि सगळ्यांचा एक सवाल: धाकटा सुटतो कसा? बँकेचाच पैसा चोरून बँकेलाच भरला तर तिला कळत नाही का? मला धड सांगता येईना. लिंका देऊ नका, उत्तर द्या.

दुधनाकाठ (सेलू)
कोणता सिनेमा ते तर सांगा. दोन भाऊ आणि दरोडा म्हणलं की ढिगानं निघतील. न्यूयॉर्कमधला 'गुड टाइम' का? पण त्यात एक भाऊ सुरुवातीलाच सापडतो.

पटकथाखोर (पुणे)
सिडनी ल्युमेटचा असणार, २००७ चा. दोघं आईबापाच्याच दागिन्यांच्या दुकानावर दरोडा घालायला निघतात तो. ल्युमेटचा शेवटचा चित्रपट. त्यावर चर्चा घ्याच, मी चार पानं लिहून देतो.

बालाघाटी
अहो टेक्सासचा! कर्जातलं रँच म्हणजे गुरांचं रान, अन् म्हातारा रेंजर म्हणजे तिकडचा राज्य पोलिस. तो सगळ्यांना माहीत आहे.

दुधनाकाठ
मग 'हेल ऑर हाय वॉटर' एवढं लिहायला काय जात होतं? २०१६ चा.
आता उत्तर. हे दोघं नोटांच्या गड्ड्यांना हात लावत नाहीत, काउंटरच्या ड्रॉवरमधल्या सुट्या नोटा तेवढ्या उचलतात. रक्कम लहान, म्हणून एफबीआय लक्ष घालत नाही आणि तपास रेंजरकडे राहतो. दरोड्यातल्या गाड्या शेतात खड्डा करून पुरून टाकतात. नोटा नेतात ओक्लाहोमातल्या कॅसिनोत. तिथं चिप्स म्हणजे जुगाराची टोकनं घ्यायची, खेळल्यासारखं करायचं आणि चिप्स परत देऊन टेक्सास मिडलँड्स बँकेच्या नावानं चेक घ्यायचा. कागदावर तो जुगारात जिंकलेला पैसा. रँच गहाण आहे तेही याच बँकेकडं, आणि लुटतात त्या शाखाही याच बँकेच्या.

निवृत्त_रोखपाल (परभणी)
माझी सगळी नोकरी कॅशमध्ये गेली. ड्रॉवरच्या सुट्या नोटा माग काढायला अवघड, एवढं खरं दाखवलंय. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारा, काउंटरवरच्या बाईच्या तोंडासमोर पिस्तूल धरतात ते दिसलं का? ती काय बँकेची मालकीण आहे? आणि हे शेतकऱ्याला लावू नका. आपल्याकडं थकीत कर्जासाठी बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्या कायद्यानं बँक असं रान घेऊ शकत नाही.

वडवणीकर
काका, सरफेसी नाही लागत, पण सोसायटीचं कर्ज थकलं की सहकार कायद्याचं कलम १०१ आहे की. वसुली दाखला निघतो, मग जप्ती. आणि सावकाराचं काय? २०१४ च्या सावकारी कायद्यानं जिल्हा निबंधकाकडं अर्ज करता येतो, सावकारानं बेकायदा लाटलेली जमीन परत मिळते. किती जणांना माहीत आहे? कोणाला अर्जाचा नमुना पाहिजे असल तर सांगा.

बालाघाटी
मला अर्ज नाही करायचा राव. सिनेमाचं सांगा.

मांजराकाठची (लातूर)
सिनेमाचंच सांगते. आमच्याकडं २०१६ म्हणजे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल, त्यामुळं मी हा जरा वेगळ्या डोळ्यांनी पाहिला. गवताला आग लागलेली असते आणि एक गुराखी जनावरं हाकत रस्ता ओलांडतो. तो म्हणतो, माझ्या पोरांना हे काम नको वाटतं त्यात नवल काय. गोळीबारापेक्षा मला तेच लागलं. आणि हॉटेलातली ती वेट्रेस! धाकटा भाऊ टोबी दोनशे डॉलरची टीप ठेवून जातो, रेंजर ती पुरावा म्हणून मागतो, बाई सोडत नाही. तिलाही घराचे हप्ते आहेत. तुमच्याकडच्या बायका काय म्हणाल्या यावर? का बोलावलंच नव्हतं?

बालाघाटी
बोलावलं होतं. मागं बसल्या होत्या. त्या वेट्रेसलाच जास्त टाळ्या पडल्या.

पटकथाखोर (पुणे)
दिग्दर्शक डेव्हिड मॅकेन्झी स्कॉटलंडचा, संगीत निक केव्ह आणि वॉरन एलिसचं, ऑस्करची चार नामांकनं. चित्रीकरण बहुतेक न्यू मेक्सिकोत. टेक्सास म्हणून लोक जे बघतात ते टेक्सास नाहीच!

वडवणीकर
हे कोणी विचारलं?

दुधनाकाठ
रविवारी अल्बर्टोपासून सुरू करा. म्हाताऱ्या रेंजरचा, मार्कसचा जोडीदार, कोमांचे या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या रक्ताचा. तो बँकेकडं बोट दाखवून म्हणतो, ही जमीन माझ्या पूर्वजांची होती, या लोकांच्या आज्यापणज्यांनी घेतली, आता यांच्याकडून ती घेतायत. आणि त्याच माणसाला थोरला भाऊ टॅनर गोळी घालतो. बँक लुटली ते बेस झालं म्हणणाऱ्यांनी तेव्हा काय केलं? गप्प बसले का?

निवृत्त_रोखपाल (परभणी)
हा मुद्दा ठीक आहे.

दुधनाकाठ
धाकटा सुटण्याचं एक राहिलं. त्याच्यावर जुना गुन्हा नाही आणि रानात तेल निघालंय. तिकडं जमिनीखालच्या तेलाचा हक्क खासगी मालकाकडं असू शकतो. मग पोलिसांच्या हिशोबानं तेलाचा मालक असल्या किरकोळ रकमेसाठी दरोडा कशाला घालंल? वरून तो रँच पोरांच्या नावानं ट्रस्टमध्ये टाकतो आणि ट्रस्ट सांभाळायला देतो त्याच बँकेला. तेलाचा पैसा हातात आल्यावर बँक जुनं कशाला उकरंल? हे सगळं शेवटच्या वीसेक मिनिटांत आहे. तुमच्या लोकांनी पाहिलं असणारच.

बालाघाटी
नाही ना. लाईट गेली. टॅनर टेकडीवर बंदूक घेऊन चढला अन् गेली. पुढचं मीच तोंडी सांगितलं.

मांजराकाठची (लातूर)
म्हणजे इतका वेळ आम्ही तुमच्या शेवटावर बोलायलोय? रेंजरचं काय सांगितलंत?

बालाघाटी
हेच की म्हातारा त्याला सोडून देतो.

दुधनाकाठ
सोडत नाही हो! तो रिटायर झालेला असतो, स्वतःहून रँचवर जातो. दोघांच्या हाती बंदुका, तेवढ्यात टोबीची घटस्फोट झालेली बायको अन् पोरं येतात. जाताना टोबी म्हणतो, गावातल्या घरी या, बोलणं पुरं करू. म्हातारा 'नको' म्हणत नाही. मिटलंय कुठं?

मांजराकाठची (लातूर)
रविवारी आधी ती वीस मिनिटं लावा, मग बोला. बायकांना पुढं बसवा.

निवृत्त_रोखपाल (परभणी)
मी येतो. कॅशियरची बाजू मांडायला कोणीतरी पाहिजे. अंबाजोगाईला दुपारची एसटी किती वाजता पोचते?

बालाघाटी
या काका, स्टँडवर घ्यायला येतो. पण परत लाईट गेली तर?

इन्व्हर्टरवाला (जालना)
आत्ताच धागा पाहिला. प्रोजेक्टर किती वॅटचा आहे?